एका माणसाचं विमान

दापोडीची खोली रिकामी करायचं ठरलं तेव्हा माळ्यावर मला चढवण्यात आलं. आमच्या घरात ज्या कामाला कष्ट पुष्कळ आणि अक्कल कमी लागते ते न मागता माझ्याकडे येतं. पन्नाशी उलटली तरी यात बढती नाही. वरून मी एकेक वस्तू खाली सोडत होतो आणि खाली माझा पुतण्या निखिल झेलत होता. पितळी बंब, अण्णांच्या छत्रीच्या नुसत्या काड्या, आईचा एका बाजूनं झिजलेला पोळपाट. मग हाताला बिस्किटांचा पत्र्याचा डबा लागला. झाकण गंजून घट्ट बसलेलं. ते उपटलं तर आत कापसावर ठेवलेला अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा राखाडी तुकडा. त्यावर पाण्याचा बुडबुडा बसावा तशी पारदर्शक टोपी, आणि टोपीखाली एक खुर्ची. एकच.

निखिल तिशीचा आहे, चाकणच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनियर आहे आणि सुट्टीच्या दिवशी टेबलावर वर्तमानपत्र पसरून विमानांची मॉडेलं जोडत बसतो. त्यानं तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि ओरडलाच.

"काका, हे व्हॅम्पायरचं नाक आहे! आपल्या विमानदलाकडे होतं ते जुनं जेट. आणि हे तुटलेलं नाही, कुणीतरी मापात कापलंय. एका सीटचं दोन सीटचं केलं होतं का?"

"केलं होतं."

"तुम्ही?"

"विमान माझं होतं," मी म्हणालो.

हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण चाळीस वर्षं मी हेच उत्तर देत आलोय.

"मग बाकीचं विमान कुठंय?"

मी डबा नाकाशी नेला. गंजाच्या खालून, अगदी तळातून, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा वास आला.

*

त्या काळच्या दापोडीला तीन वास होते. रेल्वेच्या बाजूनं वारा असला की कोळशाचा, नदीच्या बाजूनं असला की ओल्या गवताचा, आणि बसच्या वर्कशॉपकडून असला की रंगाचा. त्या तिसऱ्या वासाच्या दिवशी आई दूध तापवताना नाक मुरडायची. "आज पुन्हा चहाला टर्पेंटाईन," म्हणायची. अण्णा वर्कशॉपात कारकून होते. त्यांच्या धोतराला शाईचे डाग आणि आमच्या शेजारच्या हमीदचाचांच्या पायजम्याला रंगाचे. चाचा बसगाड्या रंगवायचे. दिवसभर वर्कशॉपात बस, आणि संध्याकाळी ओट्यावर लोकांच्या सायकली, ट्रंका, पाळणे, जे येईल ते.

त्यांचा मुलगा युसुफ माझ्या वर्गात होता.

लोहगावच्या तळावरून जेट उठायची. आधी विमान दिसायचं, मग आवाज यायचा, मग आईच्या फळीवरची भांडी किणकिणायची, नेहमी याच क्रमानं. आमच्या गल्लीतल्या पोरांचा एक कायदा होता. आकाशातलं विमान जो आधी बघेल आणि "माझं!" म्हणून ओरडेल, विमान त्याचं. मग दिवसभर ते त्याचंच. कुणी वाद घालणार नाही, कुणी वाटा मागणार नाही. संध्याकाळी ज्याची विमानं जास्त त्यानं पाराच्या वरच्या पायरीवर बसायचं.

मला तेव्हाच चष्मा लागलेला होता. मी मान वर करून, चष्मा सावरून, डोळे बारीक करेपर्यंत युसुफचं "माझं!" होऊन गेलेलं असायचं. त्या अख्ख्या हिवाळ्यात माझ्या नावावर दोन विमानं जमा होती आणि त्यातली एक घार होती.

म्हणून माझा मामा आला तेव्हा मला आकाश फाटून माझ्या मांडीवर पडल्यासारखं वाटलं. मामा बोटीवर नोकरीला होता. वर्षा-दोन वर्षांनी यायचा, यायचा तेव्हा परदेशी साबणाचा वास घेऊन यायचा. त्यानं बॅगेतून एक चपटं खोकं काढलं. वर चित्र, निळं आकाश आणि त्यात दोन शेपट्यांचं जेट. आत प्लॅस्टिकचे तुकडे आणि चिकट रसायनाची एक नळी. प्लॅस्टिक तेव्हा आमच्याकडे कंगव्यापुरतंच पोहोचलं होतं. नळीचं टोपण काढलं की खोलीभर पिकल्या केळ्याचा वास. मी ओट्यावर उभा राहून, आकाशात काहीही नसताना, जोरात ओरडलो, "माझं!"

युसुफ आला. त्यानं चित्राकडे बराच वेळ बघितलं. मग एवढंच म्हणाला, "सावकाश जोड हां."

झालं. मी ते एकाच संध्याकाळी जोडून टाकलं.

जोडलं म्हणजे काय, चिकटवलं. चिकट रसायनाचे ओघळ पंखांवर सुकले. एक शेपटी मुंबईकडे गेली, दुसरी पुण्याकडे. वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक टोपीवर माझ्या अंगठ्याचा ठसा असा काही उमटला, की पोलिसांना दाखवला असता तर त्यांनी मला तिथंच पकडलं असतं.

अण्णांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"उडेल का रे?"

"उडत नाही अण्णा, हे शोभेचं आहे."

"मग शोभेल का?"

सगळे हसले. युसुफ हसला नाही. ते मला जास्त लागलं. हसणाऱ्याचा राग करता येतो. जो नुसता बघतो आणि ज्याच्या बोटांना आतून काहीतरी सुचत असतं, त्याचं काय करणार?

आणि नेमक्या त्याच आठवड्यात आकाशात एक नवं विमान आलं. तसंच, दोन शेपट्यांचं, पण डोकं रुंद. बेडकासारखं. खालून गेलं आणि युसुफ आधी ओरडला, अर्थात. "माझं! आरं, ह्याच्यात दोघं हायत! शेजारी शेजारी!"

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात उभा. "तुझं विमान दे. आपण दोन माणसांचं करू."

'आपण' म्हणाला तो. हा शब्द मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण तेव्हा मी तो ऐकला नाही. मला एवढंच कळलं, की ते विद्रूप प्रकरण घरातून जाईल आणि अण्णा हसायचे थांबतील. मी देऊन टाकलं.

*

त्या संध्याकाळी अजून माझ्या नाकात आहेत. हमीदचाचांच्या ओट्यावर कंदिलाच्या काचा पुसून ठेवलेल्या असायच्या, आतून चाचींच्या तव्यावरच्या रोट्यांचा खमंग वास यायचा आणि बाहेर युसुफ पाट घेऊन बसलेला. त्यानं करवतीच्या पात्याचा तुकडा चिंधीत गुंडाळून विमानाचं नाक कापलं, तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. कुर्र, कुर्र असा आवाज, आणि माझ्या दाढा शिवशिवल्या. नाक वेगळं झालं. मी म्हटलं, "टाकून दे." त्यानं ते उचलून खिशात टाकलं.

कुंपणाचा पांगारा तोडून त्यानं त्याचं हलकं लाकूड आणलं आणि रुंद डोकं कोरलं. लाकूड आणि प्लॅस्टिक यांच्यामधल्या फटीत लांबी भरली. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेला लगदा. बसचा पत्रा कुठं चेपला की चाचा तीच भरायचे. सुकली की पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरनं घासायची. पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. चाचा बसल्या जागेवरून, न बघता, नुसता हात पुढे करायचे. युसुफ विमान त्यांच्या हातात द्यायचा. चाचा डोळे मिटून अंगठा फिरवायचे.

"इथं. नखाला लागतंय."

"अब्बा, दिसत तर न्हाई."

"डोळ्याला फसवशील, बेटा. बोटाला न्हाई फसवता येत."

आणि पुन्हा घासणं. मी बाजूला बसून पाणी द्यायचो. मला एकदाही चाचांनी असं काही सांगितलं नाही. सांगणार कशाला, मी काही घासतच नव्हतो. पण मला वाटायचं, माझ्या कुठल्या चुकीवर कुणीतरी असा अंगठा फिरवावा. अण्णा माझी गणितं तपासायचे ती लाल शाईनं.

दोघांच्या डोक्यावरची टोपी करायची होती. खोक्यातली टोपी एका माणसाच्या मापाची, तीही माझ्या अंगठ्यानं आंधळी झालेली. युसुफनं दवाखान्यातून एक जुनी एक्स-रेची फिल्म मिळवली. कुणाची तरी बरगडी होती तिच्यावर. सोड्याच्या गरम पाण्यात धुतली तशी बरगडी विरघळून गेली आणि काचेसारखी स्वच्छ फिल्म राहिली. आता तिला फुगवटा द्यायला साचा हवा.

"सुपारी," युसुफ म्हणाला. "अर्धी सुपारी बरोबर मापाची हाय."

मी आईच्या पानाच्या डब्यातून सुपारी आणली आणि अडकित्त्यानं दोन तुकडे केले. त्या सगळ्या कामात माझा वाटा म्हणजे ती सुपारी. त्यानं गरम फिल्म तिच्यावर दाबली आणि काय सांगू, पावसाच्या थेंबासारखी टोपी निघाली.

शेवटी चाचांचा चंदेरी रंग आला, आणि पंखांवर पिवळे पट्टे. केशरी, पांढरी, हिरवी वर्तुळं त्यानं खारीच्या केसांच्या ब्रशनं, श्वास रोखून, हातानं काढली. काडेपेटीच्या काड्यांची दोन माणसं केली आणि शेजारी शेजारी बसवली. उजवीकडच्याला पितळी तारेचा चष्मा होता. केसाएवढा.

"हा तू," तो म्हणाला. "आन् ह्यो मी."

*

सगळ्या दापोडीला ते विमान बघायचं होतं. वर्कशॉपातले लोक पाळी सुटल्यावर ओट्यापाशी थांबायचे. कुणी म्हणायचं "युसुफचं विमान", कुणी म्हणायचं "हमीदच्या पोराचं विमान". माझ्या मामानं बोटीवरून आणलेलं, माझ्या खोक्यातलं, माझ्या हातांनी वाकडं केलेलं विमान! आणि घरी जेवताना अण्णा आईला म्हणाले, "काय हात आहे हो त्या पोराला. देवानंच दिलेला." माझ्या हाताबद्दल देवानं काय केलं, ते कुणी विचारलं नाही.

एका गोष्टीवर मात्र मी दिवस काढत होतो. मी उजवीकडे बसलो होतो. आमच्या लेखी ड्रायव्हर उजवीकडे बसतो. आम्ही बसच्या वर्कशॉपची पोरं, आम्हाला दुसरं काय माहीत असणार? विमान युसुफचं, हात युसुफचा, कौतुक युसुफचं. पण चालवतोय कोण? चष्मेवाला. मी रोज ओट्यापाशी जाऊन तेवढं बघून यायचो.

मग एके दिवशी लोहगावचा एक सैनिक मोटारसायकलची टाकी रंगवून घ्यायला चाचांकडे आला. विमान दिसताच तो उकिडवा बसला. "अरे वा! यह तो ट्रेनर है! किसने बनाया?"

सगळ्यांनी युसुफकडे बोट दाखवलं. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, "इसमें चलाता कौन है?"

"हवाई जहाज में कप्तान? बाईं तरफ," तो म्हणाला, आणि टाकीचा रंग निवडायला उठला.

मग मागून एक पोरगं ओरडलं, "म्हणजे चष्मेवाला कंडक्टर!" आणि सगळ्या पोरांनी मिळून हवेतच घंटीची दोरी ओढली. "टिंग टिंग! तिकीट बोला, तिकीट!"

"तुला माहीत होतं," मी युसुफला म्हणालो. "चाचा सुट्टीला लोहगावला जातात रंगकामाला. तुला माहीत होतं, म्हणून तू मला तिकडं बसवलंस."

"न्हाई रे..."

"माझं विमान मला परत दे. होतं तसं. एका माणसाचं!"

आता ज्याला करवत लागली, लांबी लागली, रंग लागला, ते होतं तसं कसं होणार? हे मलाही कळत होतं. म्हणूनच मागितलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर युसुफ आमच्या ओट्यावर आला. त्यानं एका हातानं विमान ठेवलं, दुसऱ्या हातानं खिशातून कापलेलं नाक काढून त्याच्याशेजारी ठेवलं. माझा अंगठ्याचा ठसा त्यानं घासून घालवला होता. नाकावरची टोपी लखलखत होती.

"हे दोन माणसांचं," तो म्हणाला. "आन् एका माणसाचं एवढंच हाय. दोन्ही तुझंच. काय ठेवायचं ते ठेव."

अख्खं विमान समोर होतं. चंदेरी, पिवळ्या पट्ट्यांचं, संध्याकाळचं ऊन टोपीवर घेऊन बसलेलं. हात पुढे करायचा अवकाश. आणि मी, आमच्या घराण्यातला पहिला इंग्रजी शाळेत जाणारा मुलगा, मी त्या विमानाकडे पाठ केली, अंगठ्याएवढं नाक उचललं आणि घरात गेलो. कडीसुद्धा घातली. आतून ऐकत राहिलो. बऱ्याच वेळानं चपला वाजल्या.

पुढं कधीतरी हमीदचाचांचं बिऱ्हाड खेडला हललं. ट्रंका उतरवून नेल्या, ओट्यावर रंगाचे डाग तेवढे राहिले. त्यानंतर आकाशात विमान दिसलं की आधी ओरडायला मला कुणाचा अडथळा नव्हता. मी ओरडत नसे.

*

मत्सर म्हातारा होत नाही, फक्त एसटीनं हिंडायला लागतो. नोकरीच्या निमित्तानं मी भोसरी, चाकण, खेड केलं, आणि प्रत्येक ठिकाणी पाट्या मला भेटत गेल्या. कांद्याच्या वखारीची पाटी, पिठाच्या गिरणीची पाटी, ट्रकच्या मागचा मोर. अक्षर असं, की उन्हातही ओलं वाटावं. आणि कोपऱ्यात बारीक, "युसुफ, खेड". मी दर वेळी मनात एखादा काना वाकडा शोधायचो. एकदाही सापडला नाही. खेडच्या, म्हणजे आताच्या राजगुरुनगरच्या, स्टँडसमोर त्याचं दुकान होतं हेही मला माहीत होतं. बस थांबली की मी वर्तमानपत्र उघडायचो.

हे सगळं मी त्या दिवशी, बांधलेल्या बोचक्यांवर बसून चहा पिता पिता घरच्यांना सांगितलं. हशा झाला. माझ्या गोष्टी हसण्यासाठीच असतात. निखिल मात्र तुकडा हातात फिरवत होता.

"पण काका, त्या सैनिकानं इतर विमानांचं सांगितलं. ह्या ट्रेनरमध्ये उलटं असतं. शिकणारा डावीकडे. शिकवणारा उजवीकडे बसतो."

चहा निवला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

मी खेडला गेलो. दुकानात रंगाचा तोच तिसरा वास होता. दाढी पांढरी झालेला युसुफ एका पाटीवर वाकून 'पतसंस्था'मधला 'स्था' काढत होता. त्यानं मला ओळखलं नाही. मी काही न बोलता नाक त्याच्या फळीवर ठेवलं.

त्यानं ब्रश खाली ठेवला. तुकडा उचलला, डोळे मिटले आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"इथं लागतंय नखाला," म्हणाला. मग डोळे उघडले. "चष्मा जाड झाला रे तुझा."

चहा आला. मी निखिलनं सांगितलेलं त्याला सांगितलं. शिकवणारा उजवीकडे बसतो ते. तो इतका हसला, की पाटीवर रंग सांडायची वेळ आली.

"म्हंजे आदी बरोबर होतं, आन् मी बदलून चुकवलं!"

"बदलून?"

"त्या सैनिकानं सांगितल्यावर संध्याकाळीच टोपी काढली मी. तुला डावीकडं घेतला, मी उजवीकडं गेलो. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडं घेऊन आलो तवा तूच कप्तान होतास." त्यानं चहाचा घोट घेतला. "तू बघितलंच न्हाईस."

खरं होतं. मी बघितलंच नव्हतं. मला माझ्या एका खुर्चीची घाई होती.

"आणि विमान?" मी विचारलं.

"गेलं. हितं येताना ट्रंकेखाली दबलं. लई दिवस तुकडे जपले, मग तेबी गेले." तो माझ्या नाकाकडे बघत होता. म्हणजे त्या विमानाच्या. "तुझ्याकडं राहिलं बघ. टोपीला एक ओरखडा न्हाई. नशीबवान हायेस राव."

आयुष्यात पहिल्यांदा युसुफच्या डोळ्यांत मला ते दिसलं, जे माझ्या डोळ्यांत चाळीस वर्षं होतं. या क्षणाची मी किती वाट बघितली होती! आता गोड लागेल, मग गोड लागेल, म्हणून मी थांबलो. नुसता चहाच लागला, तोही गार.

"ठेवून जा," तो म्हणाला. विचारलं नाही, तेव्हासारखंच. "मागं पांगारा हाय. आपण ह्याला अंग करू, शेपट्या करू. पण ह्याच्यात एकच माणूस बसंल हां."

"मग तू बस," मी म्हणालो.

म्हणालो खरा. पण परतीच्या एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसलो, रिकामा खिसा चाचपला, आणि खरं सांगतो, चाकण येईपर्यंत मला वाईट वाटत होतं.